पंच्याखालचा हात

मास्तर, तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे बोलले, मी बोललो नाही. सुजातानं सगळ्या हॉलसमोर माइक माझ्या हातात दिला. म्हणाली, "नामदेवभाऊ, तुम्ही बोला. माझ्या भावाला तुमच्याइतकं आम्हीही ओळखत नव्हतो." समोर पांढरे सदरे, पांढऱ्या साड्या, तुझे विद्यार्थी, कॉलेजातले लोक. माझं अर्धं आयुष्य बैलबाजारात ओरडण्यात गेलं. पण त्या दिवशी माइकमधून नुसता श्वास वाजला. मी माइक परत दिला आणि खाली बसलो. तू असतास तर म्हणाला असतास, "नामदेवराव, तुम्हाला गप्प करायला मला एवढं करावं लागलं."

आता तुझे विद्यार्थी तुझ्यावर अंक काढतायत. दोघं जण दुकानावर आले. माझ्या जुन्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अंग चोरून उभे राहिले आणि म्हणाले, "काका, दोन पानं द्या. भाषा आम्ही नीट करून घेऊ." मी म्हटलं, नीट करायची नाही. एक शब्द कापलात तर पानं परत घेईन.

"सगळं छापायचं?"

"सगळं."

"म्हणजे काका... सगळंच?"

"ज्याला वाचायचं नसेल त्यानं पान उलटावं."

तुझा जन्म कुठला, तू शिकलास कुठं, मानसशास्त्राची कोणती पुस्तकं लिहिलीस, ते बाकीचे लिहितील. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्ध्यात राहिलंय आणि ते अर्ध्यात टाकून जायचा हक्क तुला कोणी दिला नव्हता. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात तू एक वाक्य अर्धं सोडलंस. उरलेलं अर्धं सांगतो, सांगतो म्हणत गेलास आणि न सांगता निघून गेलास. माझी तक्रार एवढीच आहे.

आधी बाजार सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला पुढचं कळायचं नाही. तेव्हा मी घोटीच्या बाजारात गुरांचा दलाल होतो. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल खांद्यावरचा पंचा गिऱ्हाइकाच्या हातावर टाकतो, खाली हात घालतो आणि बोटं दाबून भाव सांगतो. कुठली बोटं, किती वेळा, यावर आकडा ठरतो. भोवती गर्दी उभी असते, सगळे बघत असतात आणि कोणाला काही कळत नाही. एकच नियम. जो आधी हात काढील त्यानं सौदा मोडला.

तू आलास तो कॉलेजातल्या कोणा शेतकऱ्याच्या मुलाबरोबर, त्याचा बैल विकायला. पॅन्टला इस्त्री, बुटाला शेण. मला विचारलंस, "पंच्याखाली काय चाललंय, मला शिकवाल का?" मी म्हटलं, "सर, हात आणा इकडं." पंचा टाकला. तर्जनी म्हणजे हे, दोन बोटं म्हणजे ते, मूठ म्हणजे अमुक. तू मान डोलवत होतास आणि तुझ्या नखांतली खडूची भुकटी माझ्या बोटाला लागत होती. सगळं सांगून झालं तरी तू हात काढला नाहीस. मीही काढला नाही. मग तू म्हणालास, "करंगळीचा भाव नाही सांगितलात."

"करंगळीला भाव नसतो, सर."

"मग ती आपण ठेवू," तू म्हणालास आणि दाबलीस.

पुढं त्यावर तू मला व्याख्यानच दिलंस. भर बाजारात दोन पुरुष हातात हात धरून उभे राहतात आणि कोणाच्या पोटात दुखत नाही, कारण मध्ये बैल असतो. लोकांना हाताचं वावडं नसतं, त्यांना कारण लागतं. मी म्हटलं, मास्तर, मग आपण जन्मभर बैल घेऊन हिंडायचं का? तू खूप हसलास. लोकांत मी तुला "सर, तुम्ही" म्हणायचो आणि तू मला "नामदेवशेठ". दार लागलं की मास्तर आणि तू. एखाद्या लग्नात, बसमध्ये, तुझ्या सत्कारात मांडीवरच्या शालीखाली करंगळी दाबायची. तिचा अर्थ आपण कधी ठरवला नाही. मी इथं आहे, एवढाच असावा.

तुझ्या त्या पुस्तकांवरून मात्र आपण कायम भांडलो. मन उलगडून दाखवणारे परदेशातले थोर डॉक्टर, मी त्यांना तुझे म्हातारे म्हणायचो. पुरुषाला पुरुष का आवडतो यावर तुझ्या म्हाताऱ्यांनी कपाटं भरली. त्यातला एक जण बरा, तू त्याची बाजू घ्यायचास. तो म्हणाला होता की हा काही आजार नाही. त्याच्या मागून आलेल्यांनी मात्र आजार ठरवून टाकला आणि कारणही शोधलं. आई फार जवळची, बाप लांबचा किंवा नाहीच, की मुलगा असा होतो. तू तरुणपणी मुंबईला अशाच एका डॉक्टरकडे जात होतास. तो दर वेळी तुला तुझ्या वडिलांबद्दल विचारायचा. तुझे वडील तर तुला आंघोळ घालायचे, केस विंचरायचे, सायकलवर पुढं बसवून शाळेत सोडायचे. हे सांगितलंस तेव्हा डॉक्टर म्हणाला, तुम्ही काहीतरी लपवताय.

आणि माझं? मी पाळण्यात असतानाच बाप, तोही दलालच, दुसरं घर करून निघून गेला आणि आईनं मला पदराला बांधून वाढवलं. "तू पुस्तकातलं उदाहरण आहेस, नामदेव," तू म्हणायचास. "मी नाही. तरी आपण एकाच घरात राहतो."

"आणि माझा भाऊ?" मी विचारायचो. "आई तीच, पळालेला बाप तोच. त्याची बायको आहे, पोरं आहेत, वर गावभर भानगडी आहेत. त्याचं कारण कोणत्या कपाटात आहे? आणि मला सांग, तुझे म्हातारे माणसं कुठली तपासायचे?"

"त्यांच्याकडे उपचाराला येणारी."

"म्हणजे दवाखान्यात बांधलेले बैल बघून सगळा बाजार लंगडा ठरवला."

तू उठून चहा टाकायला गेलास. मला वाटलं जिंकलो. तर स्वयंपाकघरातून तुझा आवाज आला, "हे साठ-सत्तर वर्षांपूर्वी लोकांनी शोध घेऊन दाखवून दिलंय रे. तू उशिरा आलास. पण बैल चांगला आणलास, उद्या वर्गात वापरतो."

दुसरं भांडण सिन्नर स्टँडजवळच्या हॉटेलातलं. एक ट्रॅक्टरवाला माझ्याशी भावात हरला होता. त्यानं तुझ्याकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "शेठ, तुमची मास्तरीण चहा घेती का दूध?" मी त्याची गचांडी धरली, चहा त्याच्या सदऱ्यावर सांडला. तू मला गाडीत बसवलंस आणि घाट उतरेपर्यंत एकच बोलत होतास, तो घाबरलाय. मी म्हटलं, कॉलर धरली तेव्हा घाबरला. तू म्हणालास, नाही, आधीपासून. तुझ्या म्हाताऱ्यांचं म्हणणं असं की माणूस जे स्वतःच्या आत दाबून ठेवतो ते दुसऱ्यात दिसलं की त्याला सहन होत नाही, मग तो त्यावर तुटून पडतो.

मला हे मान्य नव्हतं आणि आजही नाही. म्हणजे आम्हाला शिव्या देणारा आतून आमच्यातलाच? शिवी त्यानं द्यायची आणि ती आमच्याच खात्यावर? मी गाडी थांबवून तुला म्हटलं, "मास्तर, असला सौदा मी बैलाचाही केला नसता."

तू म्हणालास, "बरोबर आहे. सगळ्यांना ते लागू नाही. लोक शिकवलं म्हणूनही शिव्या देतात, गर्दी देते म्हणूनही देतात. पण एक बघ. मुलाला आपण लहानपणीच आईपासून तोडतो. रडू नको, बायकांत बसू नको, पोरीसारखं करू नको. जे तोडलं ते आत दुखत राहतं. मग एखादा पुरुष मऊपणानं बोलताना दिसला की ती जागा ठसठसते. त्याला तुझी-माझी भीती नाही वाटत. स्वतःच्या त्या दुखऱ्या जागेची वाटते."

हे मात्र मला पटलं होतं. मी पटलं म्हणालो नाही, कारण पहिल्या बोलीला हो म्हणायची माझी सवय नाही. मला कोणी तोडलंच नव्हतं, मास्तर. मी मोठा होईपर्यंत बायकांत बसून शेंगा फोडल्या. त्या दिवशी हे बोललो असतो तर तू किती खूश झाला असतास.

आता बाईचं. माझ्या आईला मी बाई म्हणतो. तुला मी गावी न्यायला लागलो त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी तिनं तुला सरळ विचारलं. मी दारात चप्पल काढत होतो. ती चुलीपाशी, तू पाटावर. "सर, तुमी मनाचं शिकवता. माझं पोरगं असं का झालं? बाप नव्हता, मी लय जवळ धरलं, त्याच्यामुळं का?"

आणि तू, दोन-दोन तास बोलणारा माणूस, म्हणालास, "बाई, पुस्तकात तसं लिहिलंय खरं, पण..."

बाई उठली आणि परसातल्या चुलीवरचं दूध बघायला गेली. परत आली ती भाकरी थापायला बसली. तू पण उरलेलं बोलला नाहीस.

ते "पण" माझ्या डोक्यात किती वर्षं अडकून बसलं, तुला कल्पना नाही. पुढचं वाक्य मला पाठ होतं. तूच मला सांगितलं होतंस. पण ते लिहिणाऱ्यांनी आया बघितल्याच नव्हत्या, मुलांच्या तोंडून ऐकल्या होत्या. पण पुढच्या लोकांना ते खरं वाटलं नाही, त्यांनी ते सोडून दिलं. पण कशामुळं होतं ते कोणाला धड माहीत नाही, आणि आईमुळं होतं असं म्हणायला तर काहीच आधार नाही. हे तू माझ्या आईला सांगायला हवं होतंस. माझ्या तोंडून त्याला किंमत नव्हती. मी तिचा पोरगा, तिला बरं वाटावं म्हणून काहीही बोलेन. तू सर होतास.

दर खेपेला मी गाडीत आठवण करून द्यायचो, तू सांगतो म्हणायचास आणि दर खेपेला तू तिच्या गुडघ्यांचं विचारायचास, मेथी निवडायचास, जेवून ताट घासून ठेवायचास. ती गप्प असली की मला वाटायचं, हिच्या पोटात तेच वाक्य फिरतंय. मला तुझा राग यायचा. शेवटच्या खेपेला परत येताना मी मोहदरीच्या घाटात ओरडलोच. "ती आता किती दिवसांची आहे? तुला एक वाक्य जड झालं?"

तू फार शांतपणे बोललास. "नामदेव, मी तिला 'तुमचा दोष नाही' म्हटलं की 'दोष' हा शब्द त्या घरात येतो. मग काहीतरी वाईट झालंय हे ठरलं, फक्त कोणी केलं तेवढं शोधायचं राहिलं. तुला ती निर्दोष सुटायला हवीय. मला तिच्यावर खटलाच भरायचा नाहीये. म्हणून मी मेथी निवडतो."

"ही पळवाट आहे."

"असेल. मग काय, हात काढू?" तू हसत म्हणालास. आपलं ते नेहमीचंच होतं.

"काढून बघ," मी म्हटलं. तेही नेहमीचंच.

आणि त्याच आठवड्यात तू खरंच काढलास.

दवाखान्यात सिस्टरनं मला विचारलं, तुम्ही यांचे कोण? माझ्याआधी सुजाता म्हणाली, घरचेच आहेत. त्या पोरीचं माझ्यावर फार मोठं ऋण आहे. तू शुद्धीत नव्हतास. मी तुझ्याशी भांडत बसलो, हळू आवाजात. बाजूच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याला वाटलं मी प्रार्थना करतोय.

घरी तुला पुढच्या खोलीत ठेवलं होतं. अंगावर पांढरी चादर. भन्तेजी अजून यायचे होते. लोक येत होते, फुलं वाहून मागं होत होते. मी तुझ्या उजव्या अंगाला बसलो आणि चादरीखाली हात घातला. तुझा हात गार होता, पण जागेवर होता. मी करंगळी धरली. सुजाताच्या लक्षात आलं. ती पटकन माझ्यापुढं आडवी उभी राहिली, कोणाला दिसू नये म्हणून. माझ्यावर मायाच केली तिनं. पण मी म्हटलं, "सुजाता, सरक बाजूला. बघू दे लोकांना. आज मध्ये बैल नाही."

ती सरकली. आणि लोकांनी बघितलं, मास्तर. तुझे प्राचार्य, खालच्या मजल्यावरचे जोशीकाका, तुझी चुलती. कोणी नजर फिरवली, कोणी नाही. चुलतीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही. एवढी वर्षं आपण ज्याला भ्यायलो ते एवढंच होतं. मग भन्तेजी आले, वंदना झाली, पोरांनी तुला उचललं आणि माझा हात चादरीतून बाहेर आला. मी काढला नाही. तुला उचललं म्हणून तो सुटला.

तुझं पुण्यानुमोदन झाल्यावर, माइक परत दिल्यावर, मी तडक गावी गेलो. म्हटलं, याचं राहिलेलं वाक्य आता मीच पोचवतो. बाई ओट्यावर लसूण सोलत होती. मी समोर बसलो आणि पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. लिहिणाऱ्यांनी आया बघितल्या नव्हत्या, पुढच्यांनी ते सोडून दिलं, तुझ्यामुळं काही झालेलं नाही, असं सर तुला सांगणार होते.

बाईनं लसणाची पाकळी खाली ठेवली. "यासाठी तू एवढं तोंड पाडून आलाय व्हय?"

"बाई, तुला इतकी वर्षं वाटत होतं ना, तुझ्यामुळं झालं म्हणून?"

"वाटत व्हतं की. आजून वाटतं. पुस्तकात लिहिलंय म्हणाले सर, मला लय बरं वाटलं." ती हसली. "आरं, तुझा बाप गेला. सगळं गाव म्हणायचं, बाईमाणसानं वाढवलेलं पोरगं, वाया जाईल. मंग तू सरांना घेऊन आला. आल्या-आल्या त्यांनी माझ्या हातातली घागर घेतली. जेवले, सोताचं ताट घासलं. तुझ्या बापानं जन्मात पाण्याचा तांब्या उचलला नाय. म्हटलं, हे माझ्यामुळं झालं आसंल तर माझ्या हातून एक काम तरी झ्याक झालं. आता तू म्हणतो ते बी माझं नाय. आसं कसं? ऱ्हाऊ दे माझ्या नावावर."

"मग तेव्हा उठून का गेलीस?"

"दूध उतू चाललं व्हतं, मेल्या!"

मास्तर, मी त्या ओट्यावर हसायला लागलो ते रडायलाच लागलो. बाईनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "आन तुमी दोघं इथं शाल पांघरून बसायचे, आत बोटं दाबायचे. मला काय दिसत नव्हतं? दलालाची बायको हाय मी. बाजारात लोकं पंचा बघत्यात. पंच्यात काय दिसतंय? म्या खांदा बघायची. सौद्याचा खांदा ताठ आसतो. तुमच्या दोघांचे खांदे पार सैल पडलेले आसायचे." तिनं लसूण पुन्हा हातात घेतला. "सरांची बहीण जेवती का नीट? तिला घेऊन ये एकदा."

म्हणजे तू बरोबर होतास. कोणाला काही न सांगता तिनं खटला कधीच निकालात काढला होता. तू मेथी निवडत होतास तेव्हा तुम्हा दोघांना सगळं माहीत होतं आणि बाहेर एकटा मीच घासाघीस करत उभा होतो. मला माझ्या हरण्याचं काही वाटलं नाही. मला फक्त हे तुला सांगायचं होतं. मी लगेच उठलो, गाडी काढली आणि नाशिकच्या रस्त्याला लागलो. बाईचं "ऱ्हाऊ दे माझ्या नावावर" तुला कसं सांगायचं, दुधाचं आधी सांगायचं की शेवटी, तू कुठं हसशील, हे मी जुळवत होतो. घाट लागला तेव्हा मला कळलं की मी घाई का करतोय, आणि घरी ऐकायला तू नाहीस.

गाडी बाजूला घेतली. खाली सगळं नाशिक पसरलं होतं, उन्हात. तुझ्या सीटवर माझा पंचा पडला होता. मी त्याखाली हात घातला आणि तसाच बसलो. मागून ट्रक हॉर्न देत जात होते. एक मोटारसायकलवाला थांबून म्हणाला, "शेठ, गाडी बंद पडली का?" मी म्हटलं, "नाही, सौदा चाललाय." तो रिकाम्या सीटकडे बघून निघून गेला.

तू म्हणशील, नामदेवराव, आता तरी माना की हरलात. मानतो. पण एक ऐकून ठेव. हात मी काढलेला नाही. तुझाही तू काढलास असं मी धरत नाही, तुला उचलून नेलं. बाजाराच्या नियमानं आपला सौदा अजून मोडलेला नाही.